पवनचक्की केली कुणी?

शाळा सुरू होऊन महिना झाला, की आमच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात रविवारी संध्याकाळी एक ठराविक गर्दी दिसू लागते. गिऱ्हाइकं बहुतेक बायकाच. कुणाला क्रेपचा कागद हवा असतो, कुणाला आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट, तर कुणाला ‘बाईंनी सांगितलेला तो चमचमणारा जाड कागद’. मुलं पायरीशी चपला घासत उभी असतात. काय हवं ते ती सांगत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. दुकानदार तर आता इतका तयार झाला आहे, की तो अख्खी पवनचक्कीच काउंटरखालून काढून दाखवतो. “तिसरीची ना? घ्या ताई. फक्त नाव घालायचं.”

नाव घालायचं म्हणजे मुलाचं!

घरोघरी काय चालतं, हे आपण सगळ्या जाणतो. रात्री नऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर निरोप येतो, ‘परवा अमुक अमुक करून आणावे’. स्वयंपाकघरातली आवराआवर उरकली, की आई जमिनीवर पसारा मांडून बसते. मूल थोडा वेळ शेजारी बसतं, काहीतरी धरून ठेवतं, मग पेंगतं. साडेअकराला वस्तू तयार होते आणि खरोखरच सुंदर होते. आपल्या बायकांच्या हातात कला असते, ती एरवी रांगोळीपुरतीच बाहेर येते. म्हणून मी कुठल्या आईला नावं ठेवायला बसलेली नाही. दिवसभराच्या कामानंतर असं काही करायला मिळालं, तर कुणालाही बरंच वाटेल. प्रश्न एवढाच आहे, की त्या वेळी मूल झोपलेलं असतं.

शाळेत हाताचं काम आलं कशाला, हे एकदा आठवून पाहायला हवं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी आग्रह धरला, की मुलाचं शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायातून व्हावं. टकळीवर सूत काढता काढता त्याला गणित यावं, कापूस कुठे पिकतो ते कळावं. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला आणि तो आपल्या प्रगतिपुस्तकांत येऊन बसला. शब्दच पाहा ना. कार्याचा अनुभव! ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघांनी ते पुढे कोसबाडला वाढवलं. तिथे महागडी साधनं कुठून असणार? शंख-शिंपले, बिया, पानं, माती, खडे हीच बालवाडीची सामग्री. आदिवासी पाड्यावरचं पोर त्या खड्यांवर मोजायला शिकलं. कुणाची आई रात्री जागून त्याच्यासाठी खडे रंगवत नव्हती. आता तोच विषय आपल्याकडे पाकिटात मिळतो, दीडशे रुपयांना.

माझ्या धाकटीला गेल्या वर्षी तिसरीत पवनचक्कीच करायची होती. मी तिला सामान काढून दिलं, म्हणजे जुन्या वह्यांचे पुठ्ठे, खराट्याची जाड काडी, टाचण्या, एक मणी, कागद आणि खळ. पवनचक्कीचं चक्र कसं करतात ते एकदा माझ्या कागदावर करून दाखवलं. चौकोनी कागद घ्यायचा, चारी कोपऱ्यांतून मध्याकडे कापत जायचं, पण मध्यापर्यंत पोचायचं नाही, आणि एक सोडून एक टोक मध्यावर आणून टाचणी मारायची. एवढं करून मी कणीक मळायला उठले.

पहिलं चक्र तिने कापता कापता दोन तुकडे केले. दुसरं झालं, पण फिरेना. तिने फुंकलं, पंख्याखाली धरलं, तरी ढिम्म. टाचणी तिने जोर लावून पार काडीत रुतवली होती. हे तिचं तिलाच दिसायला अर्धा तास लागला. मग टाचणी सैल केली, कागद आणि काडीच्या मध्ये मणी घातला, आणि चक्र गरकन फिरलं! त्या वेळचा तिचा चेहरा मी पोळी लाटता लाटता पाहिला. “आई, मण्यामुळे!” एवढंच ओरडली. तिथून पुढे पुठ्ठ्याचा मनोरा उभा करण्यात दुसरी संध्याकाळ गेली. तो थोडा कललाच. खळ बोटांची, फ्रॉकची, मांजराचीही झाली.

माझा हात शिवशिवत होता, हे कबूल करते. मनोऱ्याला आतून एक पट्टी लावली असती तर तो सरळ झाला असता. आमचे हे सुद्धा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “अगं, जरा सरळ करून दे की. शाळेत न्यायचाय.” सासूबाई तेवढ्या माझ्या बाजूने बोलल्या. म्हणाल्या, “आम्ही पहिल्यांदा रांगोळी काढली ती वाकडीच. आमची आई ती पुसत नसे. शेजारी आपली एक काढायची, बघून शिका म्हणून.”

शाळेत प्रदर्शन भरलं. पुढच्या टेबलावर चार-पाच पवनचक्क्या होत्या, रंगीत फोमच्या, चमकी लावलेल्या. एकीत तर सेलवर लुकलुकणारे दिवे होते. आमचा कललेला मनोरा मागच्या बाकावर, कुंडीच्या आड. श्रेणी मिळाली ‘क’. पोरगी रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, “माझी फिरते. पुढच्या एकीचीही फिरत नाही. चिकटवलीय.” मग थोडं चालून गेल्यावर म्हणाली, “आई, पुढच्या वेळी तू कर.”

त्या ‘क’चं मला काही वाटलं नाही. तिसरीतली श्रेणी कोण आयुष्यभर सांभाळतं? पण हे शेवटचं वाक्य मात्र लागलं. आपल्या हाताने केलेलं कमी ठरतं आणि आईच्या हाताने केलेलं चांगलं ठरतं, एवढं त्या प्रदर्शनाने आठ वर्षांच्या मुलीला व्यवस्थित शिकवलं होतं. चक्र का फिरतं ते तिला कळलं होतं, आणि त्याला कुठे किंमत नव्हती.

गंमत अशी, की हीच मुलं दिवाळीत किल्ला करतात तेव्हा कुणाला विचारत नाहीत. परीक्षा संपली, की अंगणात नाहीतर जिन्याखाली दगड-विटा जमतात. कुठून तरी जुनं गोणपाट येतं, ते दगडांवर अंथरून वर चिखल लिंपला जातो. बुरूज ढासळतात, पुन्हा उभे राहतात. माती जास्त पातळ झाली तर तडे जातात, हे त्यांना कुठल्या बाईंनी सांगितलेलं नसतं. दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी अळीव नाहीतर मोहरी पेरली, की पाडव्याला हिरवळ दिसते. उशीर झाला तर किल्ला बोडका राहतो. हा हिशेब मुलं एकमेकांना शिकवतात, मोठी छोट्यांना. मग वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. त्या मावळ्यांशेजारी प्लॅस्टिकची मोटार, एखादं विमान, एक वाघ. मावळा तटाहून उंच असतो, गवळण तोफेएवढी असते. येणारे-जाणारे थांबून बघतात, कौतुक करतात. “महाराजांच्या काळी मोटार नव्हती” असं कुणी म्हणत नाही. आणि समजा म्हटलंच, तर मुलं ऐकत नाहीत.

तेच मूल, तेच हात. किल्ल्याला जमतं ते शाळेच्या वस्तूला का जमू नये? मला वाटतं, किल्ला सुंदर दिसलाच पाहिजे असं त्याला कुणी बजावलेलं नसतं, आणि त्याला भरपूर वेळ असतो. (आता किल्ल्यांच्याही स्पर्धा निघाल्यात. एका स्पर्धेत वडील मंडळी थापी घेऊन बुरूज घोटताना पाहिली, तेव्हा म्हटलं, आता हेही गेलं!)

लहान मुलांच्या चित्रांचंही असंच होतं. सात-आठ वर्षांचं मूल कागदाच्या तळाला जमिनीची एक रेघ ओढतं आणि अगदी वरच्या कडेला निळा पट्टा रंगवून त्याला आकाश म्हणतं. मधली जागा पांढरी. आपण लगेच म्हणतो, “अरे, आकाश जमिनीपर्यंत येतं. रंगव सगळं.” पण व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाचं एक पुस्तक १९४७ साली निघालं, त्यात त्याने मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या आहेत. ही जमिनीची रेघ साधारण सातव्या वर्षापासून बहुतेक मुलांच्या चित्रांत येते आणि पुढे वाढत्या वयात आपोआप मागे पडते. मुलाच्या दृष्टीने आकाश वर असतं, जमीन खाली असते आणि मध्ये हवा असते. त्याचं चुकलं कुठे? घरापेक्षा आई मोठी काढतं, कारण त्याच्या लेखी ती मोठी असते. भिंतीच्या आतलं ताट, पलंग, आजी सगळं बाहेरून दिसतं, कारण ते आत आहे हे त्याला माहीत असतं. आपण त्याच्या हातावर हात ठेवून दोन डोंगर, मधून सूर्य आणि सळसळती नदी काढून देतो, तेव्हा त्याचं हे सगळं पुसून टाकतो. अन् मग वर्गातल्या चाळीस मुलांच्या चाळीस कागदांवर तेच दोन डोंगर.

पालकसभेच्या दिवशी मी बाईंना थोडं थांबून भेटले. भांडायला नव्हे. म्हटलं, “बाई, पवनचक्क्या मुलांनी केल्या नाहीत, हे तुम्हालाही दिसलंच असेल.” बाई हसल्या. “दिसतं हो. पंचवीस वर्षं शिकवतेय मी. पण प्रदर्शनाला पाहुणे येतात, फोटो निघतात. वाकडंतिकडं पुढे ठेवलं तर मला बोलतात, आणि ‘क’ दिली तर पालक बोलतात. मुलांनीच केलं पाहिजे असं म्हटलं, तर दोन तास वर्गात पसारा कोण आवरणार? एकटी मी, पोरं बेचाळीस.” त्यांचंही खोटं नव्हतं. मी एवढंच विचारलं, “आम्ही दोघी-तिघी आवरायला आलो तर?”

अशी ती शनिवारची सुरुवात झाली. महिन्यातून एक शनिवार, शेवटचे दोन तास. वस्तू वर्गातच करायची, घरून करून आणायची नाही. सामान घरातलं, विकत काही नाही. आम्ही तिघी जातो, पण आम्हाला नियम असा, की मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही. धरायला सांगितलं तर धरायचं, कापायला कठीण पुठ्ठा असेल तर त्याने आखलेल्या रेघेवर कापून द्यायचा. पहिल्या शनिवारी एक वहिनी सारखी पुढे सरसावायची, शेवटी तिच्या हातात आम्ही केर काढायची झाडूच दिली.

काय काय केलं ते सांगते, कारण बऱ्याच जणींनी विचारलं आहे.

खळ घरीच करावी. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन पारदर्शक दिसू लागली, की उतरवायची. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर दोन-तीन दिवस टिकते. पुस्तकबांधणीवाले खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते मुलांच्या खळीत मुळीच घालू नका. मोरचूद विषारी असतो आणि पोरांची बोटं तोंडात जातातच.

सगळ्यात रंगला तो हळदीचा कागद. हळद पाण्यात कालवून जाड कागदावर फडक्याने लावली, कागद उन्हात वाळवला. मग कपडे धुण्याचा साबण पाण्यात विरघळवून खराट्याच्या काडीने त्यावर चित्र काढायचं. काडी पिवळ्यावरून फिरली, की मागे तांबडी रेघ उमटते! हळदीला चुना लागला, की ती लाल होते हे आपल्याला माहीत असतं, साबणानेही तेच होतं. एका मुलाने त्या तांबड्या रेघेवर लिंबू पिळून पाहिलं, तर रेघ पुसून पुन्हा पिवळं. मग काय, अर्धा वर्ग लिंबं मागत सुटला. चित्रं फारशी झाली नाहीत त्या दिवशी, पण बाईंनी पुढच्या आठवड्यात त्यावरच एक तास घेतला. फ्रॉक-सदऱ्यांवरचे डाग मात्र साबणाने अधिकच तांबडे होतात, तेव्हा कपडे जुने घाला. उन्हात वाळवले, की हळूहळू फिके पडतात.

भेंडी आडवी कापून ठसे, बटाट्यावर नक्षी, पानांच्या उलट्या बाजूला रंग लावून छाप हे तुम्हाला ठाऊकच आहे. काडेपेटीच्या काड्यांचा खेळ मात्र कदाचित नसेल. पुण्याचे अरविंद गुप्ता १९७८ साली कारखान्यातून रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कामावर गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि काड्या जोडून खेळणी बसवली. नळीचा बोटभराहून लहान तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसायची, की झाला सांधा. (काड्यांचा गुल आधी मोठ्यांनी खरवडून टाकावा.) तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. पुलाला आणि छपराला त्रिकोण का असतात, ते आमच्या तिसरीच्या पोरांना त्या दिवशी बोटांनी कळलं. धाकटी घरी येऊन मला म्हणाली, “पवनचक्कीच्या मनोऱ्याला तिरकी काडी हवी होती.” म्हटलं, हो. मला ते त्या रात्रीच सांगता आलं असतं, पण मग ते तिचं झालं नसतं.

थर्माकोलला आम्ही हात लावत नाही. २०१८ साली आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आलीच आहे, आणि तसाही तो मुलांना नीट कापता येत नाही. कात्री बोथट टोकाची द्यावी, पण तिची धार चांगली असावी. धार नसलेल्या कात्रीने मूल कागद चावतं आणि मग आपण म्हणतो, याला कापता येत नाही. आणखी एक. वर्गातला एक मुलगा कापायला बसला, की कागद मुडपायचाच. ‘हाताला वळण नाही’ असा त्याच्यावर शिक्का बसला होता. पाहते तर तो डावखुरा! आपल्या नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी जुळवलेली असतात. डाव्या हातात ती धरली, की पाती एकमेकींपासून फाकतात आणि कापायची रेघही पात्याआड जाते. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. त्याच्या आईने ती मागवली आणि आता तोच दुसऱ्यांना गोल कापून देतो.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दोन पालकांनी तक्रार केली, की शनिवारी अभ्यास बुडतो. एक बाई मला रस्त्यात म्हणाल्या, “तुम्हाला वेळ आहे, म्हणून सुचतं.” नोकरी करणाऱ्या आईचं म्हणणं मला पटतं. पण रात्री साडेअकरापर्यंत जागायची पाळी तिच्यावरच सगळ्यात जास्त येते. वर्गात काम झालं, तर तिची ती रात्र तरी वाचते. मुख्याध्यापकांचंही मन अजून पुरतं वळलेलं नाही. पुढल्या टेबलावर चकचकीत काहीतरी असावं असं त्यांना वाटतंच.

यंदाच्या प्रदर्शनात बाईंनी एक युक्ती केली. प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी ठेवायची आणि ती मुलानेच लिहायची: मी काय केलं, मदत कुणी केली. लोक वस्तूंपेक्षा चिठ्ठ्याच जास्त वेळ वाचत होते. ‘आजोबांनी पुठ्ठा कापला. बाकी मी.’ ‘भावाने मदत केली आणि मोडली.’ ‘हे जहाज आहे. बुडतं.’ दुसऱ्या वर्गातून आलेल्या एका देखण्या राजवाड्यापुढे मुलीने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘सगळं आईने केलं. मी नाव घातलं.’ तिची आई शेजारीच उभी होती. बिचारी आधी लाल झाली, मग स्वतःच हसत सुटली. प्रदर्शन संपल्यावर तिने मला विचारलं, “तुमच्या शनिवारी मी येऊ का?” ये म्हटलं. राजवाडा तिने खरंच अप्रतिम केला होता. तिला आता आम्ही मुलांसमोर बसून तिचं स्वतःचं काहीतरी करायला सांगणार आहोत, सासूबाईंच्या आईसारखं.

या महिन्यात कागदाचा लगदा करायचा ठरलं आहे. रद्दीचे बारीक तुकडे रात्रभर भिजवायचे, सकाळी कुटून पाणी पिळायचं आणि भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या. पूर्वी बायका याच लगद्याच्या टोपल्या करीत. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो. पालथ्या वाटीवर तो थापून वाळवला, की मुलांची बाहुल्यांसाठी टोपली होते. बेचाळीस मुलांना रद्दी बरीच लागेल, मेथ्या मी नेणार आहे. धाकटीने आपली वाटी आधीच निवडून ठेवली आहे, चांगली स्टीलची, माझ्या पाहुण्यांच्या सेटातली.